आज फक्त १४

गणपती उठले की माझ्याकडे पळणारी माणसं यायला लागतात. डिसेंबरची मॅरेथॉन तोंडावर आलेली असते, रविवारचं अंतर २५ किलोमीटरच्या पुढे गेलेलं असतं आणि खुर्चीत बसता बसता वाक्य ठरलेलं: "मॅडम, खूप थकवा आलाय. पण आता सोडलं तर केलेलं सगळं पाण्यात. रेटू का थांबू?" पुण्यात मॅरेथॉन सुरू झाली १९८३ साली. हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीपर्यंत पोचला तो गेल्या आठ-दहा वर्षांत. इतक्यांदा ऐकलाय की आता लिहूनच टाकते.

सुजाताचं सांगते. नाव आणि तपशील बदललेत, लिहायला तिची परवानगी आहे. बँकेत अधिकारी, वय ४१, राहायला कोथरूडला. पूर्ण ४२.१९५ किलोमीटर पहिल्यांदाच पळणार होती. पहाटे सव्वाचारचा गजर, आठवड्यात विद्यापीठाच्या आवारात पळणं, रविवारी ग्रुपबरोबर खडकवासल्याच्या बाजूला लाँग रन. आणि गेले सहा आठवडे गजर वाजला की रडू यायचं.

"मग उठता कशाला?" मी विचारलं.

"उठलंच पाहिजे ना!"

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेवरची. त्यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केली ती गोष्ट साधी आहे: घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो, 'च'. 'उठलंच पाहिजे', 'जमलंच पाहिजे'. हा 'च' पकडला की मला आत कुठेतरी फार बरं वाटतं, हे कबूल करते. पकडला, समजावला. सुजाताला पटला, तिने वहीत उतरवूनही घेतला. पुढच्या आठवड्यात आली ती तेवढीच दमलेली.

माझी खोली सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. तिसऱ्या भेटीला सुजाता वर आली, दारात चौकटीला हात टेकून उभी राहिली आणि मिनिटभर बोललीच नाही. रविवारी २६ किलोमीटर पळालेली बाई दोन जिन्यांत धापा टाकत होती. आधीच्या दोन्ही भेटींतही ती अशीच उभी राहिली होती. मी पाणी पुढे केलं होतं आणि 'च' शोधायला बसले होते. मनाचं काम करणाऱ्यांना सगळा थकवा मनातच दिसतो, ही आमची खोड.

त्या दिवशी समुपदेशन केलंच नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात. गोळ्या सुरू झाल्या, जेवणावर लगेच चहा घ्यायची सवय बंद झाली (चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही), आणि डॉक्टरांनी अंतर निम्म्यावर आणायला सांगितलं.

आता हलकं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. पळणं कमी झालं आणि रडणं वाढलं. मी तिला रोज रात्री दोन ओळी लिहायला सांगितल्या होत्या: किती पळाले आणि थकवा नेमका कधी जाणवला. ती वही आम्ही दोघींनी उघडली. 'मंगळवार, आज फक्त ६.' 'गुरुवार, फक्त ५.' मागची पानं उलटली. आजार कळायच्याही आधीची नोंद होती: 'आज फक्त १४.'

"हा 'फक्त' कोणी लिहिला?"

"म्हणजे? मीच."

"ग्रुपमध्ये कोणी म्हणालं, फक्त १४?"

"नाही. उलट अंगठे आले होते."

"मोजा बरं किती आहेत."

तिने पेन्सिलीने गोल करत करत मोजले. एकतीस. शेवटच्या गोलावर पेन्सिल थांबली ती बराच वेळ तिथेच. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग ती म्हणाली, "मॅडम, दोन वर्षांपूर्वी मी पर्वती चढताना मध्ये दोनदा बसायचे. एकशेतीन पायऱ्यांत दोनदा." आणि हसायला लागली, डोळ्यांत पाणी असतानाच.

'च' मी तिला दाखवला होता, 'फक्त' तिने स्वतः मोजला. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला ही जागा उशिरा सापडली. हट्ट मोठ्या घोषणेत सापडतोच असं नाही, तो डायरीतल्या एखाद्या निरुपद्रवी शब्दात लपून बसतो. आणि त्याने येणारा थकवा झोपून जात नाही, कारण झोपलो तर 'आज फक्त झोपले' असं होतं.

म्हणून रेटू का थांबू, याला माझ्याकडे एकच उत्तर नाही. आधी थकवा कुठला ते बघा. उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असं सलग तीन-चार दिवस दिसलं, झोप उडाली, जिन्यात धाप लागली, तर आधी रक्त तपासा, मग माझ्याकडे या. ताप असेल किंवा छातीत दुखत असेल तर बूट घालूच नका, डॉक्टर गाठा. यातलं काहीच नसेल तर दहा मिनिटं सावकाश पळा, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकं. बहुतेक वेळा अंग मोकळं होतं आणि कंटाळा मागे पडतो. नाही झालं, तर परत फिरा. बुडालेलं अंतर दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. पुणेकरांना थकबाकी ठेवायला आवडत नाही, पण इथे ठेवा. तीन आठवडे वाढवलं की चौथ्यात कमी करायचं, हे ग्रुपमधला प्रत्येक जण सांगतो, पाळत कोणी नाही.

सुजाताने त्या डिसेंबरात पूर्णचं नाव मागे घेतलं. रागात दोन दिवस माझा फोन उचलला नाही. जानेवारीत वही दाखवायला आली, दारात न थांबता थेट खुर्चीत येऊन बसली. शेवटच्या पानावर होतं: 'रविवार. दहा मिनिटं पळाले, पाय जड. परत फिरले. येताना पोहे खाल्ले.'