बॅटरी विझवून बस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

‘खायला पाच-सहा बेडूक नेले तर काय बिघडतं, असं मित्र विचारतात, त्यांना काय सांगू?’ असं तू लिहिलंयस. आधी कबूल करतो, तुझ्या वयात मीही पहिल्या पावसाच्या रात्री बॅटरी आणि गोणपाट घेऊन मळ्यात गेलोय. डोळ्यांवर उजेड पडला की तो मोठा बेडूक जागीच थिजतो. शाळकरी पोरही उचलेल. तेव्हा उपदेशाचा माझा हक्क जरा लंगडाच.

तेव्हा कळलं नव्हतं ते एवढंच, की किती नेले यापेक्षा कोणत्या रात्री नेले हे बघावं. एरवी हे बेडूक बिळाबांधांत विखुरलेले असतात. दणदणीत पाऊस झाला की नर लिंबासारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात आणि माद्या त्या आवाजावर डबक्याकडे येतात. मोजक्या रात्रींचा मामला. वीण तेव्हाच, आणि आपली शिकारही नेमकी तेव्हाच. गोणपाटात पडलेल्या एका मादीबरोबर हजारो अंडी जातात.

हा धंदा देशभर होऊन गेलाय. १९८१ साली भारतातून ४ हजार टनांवर बेडकांच्या तंगड्या खाण्यासाठी परदेशी गेल्या. उरलेलं धड टाकून देत. १९८७ साली निर्यात बंद झाली. गोव्यात तरी बेडूक पकडण्यावरची बंदी झुगारून ‘जंपिंग चिकन’ म्हणून चोरून विक्री होत राहिली.

हा बेडूक नाकतोडे, भुंगे खातो, लहान उंदीर गिळतो, बांध पोखरणारे खेकडेही सोडत नाही. त्याच्यावर दिवड, धामण, बगळे जगतात. पण ‘बेडूक गेले म्हणून कीड आली’ असं छातीठोकपणे सांगू नकोस. बदललेली वाणं, खतं, फवारणी हीही कारणं आहेत, आणि फवारणीने बेडूकही मरतो. फुकटचा राखणदार आपणच कमी केला, एवढं म्हण.

खरं तर बोलूच नकोस. यंदा मिरगाला त्यांना घेऊन जा. कोंबडी-वडे खाऊनच निघा, म्हणजे भुकेची सबब नको. गोणपाट घरी, बॅटरी विझवलेली. किती ठिकाणांहून आवाज येतो ते मोजा, कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहून ठेवा. आमच्या खालच्या मळ्यात पूर्वी या आवाजाने झोप लागत नसे. गेल्या मिरगाला मी मोजले. तीन.