कोचिंग करण्याआधी स्वतःच्या कंपनीची पत उभी कर

तिसरा धंदा सुरू करतोयस आणि सोबत बिझनेस क्रेडिटचं कोचिंगही करायचंय, हे ऐकून बरं वाटलं. पण कोचिंगला जरा दम धर. अमेरिकेत कंपनीची पत स्वतःच्या क्रेडिट स्कोअरपासून वेगळी उभी करता येते, पण ती आपोआप उभी राहत नाही.

आधी एलएलसी, म्हणजे मालकापासून कायद्याने वेगळी कंपनी, मग आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडून, ईआयएन हा कंपनीचा कर क्रमांक. तो फुकट मिळतो, कुणाला पैसे देऊ नकोस. कंपन्यांच्या पतीची नोंद ठेवणाऱ्या डन अँड ब्रॅडस्ट्रीट या ब्युरोचा नऊ अंकी डन्स नंबर, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, तोही फुकटच. बँक खातं कंपनीच्या नावाने.

खरी पत तयार होते उधारीच्या मालावर. मी तीस दिवसांच्या मुदतीवर खोके आणि टेप घ्यायचो. बिल आलं की त्यावर लाल पेनाने विसाव्या दिवसाची तारीख घालून प्रिंटरवर चिकटवायचो. त्याच ब्युरोचा पेडेक्स स्कोअर, म्हणजे बिलं किती वेळेवर भरतोस याचे गुण, 100 पैकी असतो. वेळेवर पैसे दिले तर 80, त्याहून वर जायचं तर मुदतीआधी द्यावे लागतात. आणि पुरवठादार ब्युरोला कळवतो का, हे पहिल्याच दिवशी विचार. माझ्या पहिल्या दोघांनी कळवलंच नाही. वर्षभर वेळेवर भरलेले पैसे कुठेच नोंदले गेले नाहीत, अजून हळहळ वाटते.

नव्या कंपनीला कार्ड देताना बँक बहुधा पर्सनल गॅरंटी मागतेच. सही केलीस की धंदा बुडाला तरी कर्ज तुझ्या मागे येतं. माझा दुसरा धंदा बंद पडल्यावर मी तीन वर्षं हप्ते फेडले. उद्या कुणाला शिकवायला बसशील, तेव्हा आधी ही सही दाखव, लिमिटचे मोठे आकडे नंतर.