कुरिअरने आलेले मासे का मेले?

प्रश्न : ताई, गोड्या पाण्यातले मासे मी वर्षानुवर्षं सांभाळतेय. यंदा पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी केली. दीड महिना मासे न घालता चालवली, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावरच कुरिअरने मासे मागवले : दोन क्लाउनफिश, एक ब्लू टँग, एक मँडरिन. पिशवीत नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत तीन तास बसले. तरी ब्लू टँग दुसऱ्याच सकाळी गेला. क्लाउनफिश चौथ्या दिवसापासून धापा टाकायला लागले, अंगावर पांढुरका बुळबुळीत थर आला. आठवड्यात दोन्ही गेले. मँडरिन वाळत वाळत महिन्याने मेला. दुकानदार म्हणतो, तुमच्या टाकीतच दोष आहे. खरंच का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. टाकी तुम्ही नीट तयार केली होती. एकाच टाकीतले मासे मेले म्हणून कारणही एकच असेल असं वाटतं, पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला तीन वेगळी कारणं दिसतात.

आधी ब्लू टँग. बंद पिशवीत मासा रात्रभर श्वास सोडतो, तेव्हा पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो. माशाने टाकलेला अमोनियाही त्याच पाण्यात असतो, पण पीएच खाली असेपर्यंत तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात राहतो आणि फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वरून आपण 8.2 पीएचचं पाणी सोडू लागतो. अमोनियमचा परत अमोनिया होतो आणि माशाचे कल्ले त्यात भाजत राहतात. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला थेंब-थेंब पद्धत चालते. रात्रभर प्रवास केलेल्या माशाला तीच मारते. मी ठाण्यात लोकांच्या टाक्या सांभाळते, तिथे काळजी घेणाऱ्या माणसांच्याच हातून हे होताना बघते, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

मासे मागवतानाच दुकानदाराला त्याच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारेपणाचं माप, विचारा. परजीवी आटोक्यात राहावेत म्हणून बरेच जण ते 1.019च्या आसपास ठेवतात, तुमच्याकडे 1.025 असेल. एका वेगळ्या छोट्या टाकीत दुकानाइतक्याच खारेपणाचं पाणी तयार ठेवा. बंद पिशवी वीसेक मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, मग पिशवी उघडून मासा लगेच त्या टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी फेकून द्या. खारेपणा पुढे रोज 0.001 ते 0.002 एवढाच वाढवा. समुद्री माशाच्या रक्तात समुद्राच्या साधारण एक तृतीयांश मीठ असतं, त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो पाणी पिऊन ते भरून काढतो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकतो. दमलेल्या माशावर हा भार एकदम वाढवू नये.

क्लाउनफिशना बहुधा ब्रूकलिनेला झाला. त्वचेवर आणि कल्ल्यांवर जगणारा हा एकपेशीय परजीवी समुद्रातून पकडलेल्या क्लाउनफिशवर विशेष आढळतो. तांब्याचं औषध त्यावर चालत नाही, फॉर्मॅलिन लागतं, आणि ते जाणकाराशिवाय हाताळू नये. त्यापेक्षा पैदास केलेलेच क्लाउनफिश मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलंय. असं असताना प्रवाळातून ओरबाडून आणलेला मासा विकत घेणं मला पटत नाही.

मँडरिन भुकेने मेला. तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, टिपत असतो. दीड महिन्याच्या टाकीत ते त्याला पुरत नाहीत, आणि गोठवलेल्या खाण्याला बहुतेक मँडरिन तोंड लावत नाहीत. टाकी नवी आहे हे ठाऊक असताना तो विकणं अन्यायाचं आहे. ब्लू टँगही पुन्हा घेऊ नका, तो फूटभर वाढतो.

छोटी टाकी 40-50 लिटरची पुरे. हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि स्पंज फिल्टर. तो स्पंज आधी महिनाभर मोठ्या टाकीत ठेवून मुरवा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वसतील. वाळू-दगड नकोत, ते औषध शोषतात. नव्या माशाचा इथला मुक्काम किमान महिनाभर, आणि अमोनिया रोज तपासायचा.

मोठी टाकी आता अडीच महिने माशांविना चालू ठेवा, म्हणजे उरलेले परजीवी उपाशी मरतील. जिवाणू टिकावेत म्हणून अधूनमधून चिमूटभर खाणं टाका. त्यानंतर क्लाउनफिशची एकच जोडी मागवा, आणि पैसे देण्यापूर्वी ती दुकानातल्या टाकीत खात असल्याचा व्हिडिओ मागून घ्या.