आकृती फिरवली की संगत शिरोबिंदू का चुकतात?

समरूप त्रिकोणांचा, म्हणजे आकार तोच पण लहानमोठे असू शकणाऱ्या त्रिकोणांचा पाठ सुरू झाला की पालकांची एक काळजी हमखास माझ्यापर्यंत येते. दोन्ही त्रिकोण सारखेच उभे काढलेले असतील तर मूल संगत शिरोबिंदू, म्हणजे दोन्ही त्रिकोणांतले एकमेकांशी जुळणारे कोपरे, बरोबर सांगते, परंतु त्यातला एक फिरवला किंवा उलटवला की उत्तर चुकते. मग आकृत्या समजण्याची कुवतच त्याच्यात कमी आहे असे मानायचे का? एका विद्यार्थिनीच्या आईने हाच प्रश्न विचारला, तेव्हा पुढे गणित घ्यावे की नाही, इथपर्यंत घरात चर्चा झाली होती. मुलगी खाली मान घालून बसली होती.

मी तिला एक काटकोन त्रिकोण अबक काढायला सांगितला. त्यात ब पाशी काटकोन होता आणि ब पासून कर्णावर टाकलेला लंब कर्णाला ड मध्ये मिळत होता. या आकृतीत मूळ त्रिकोण आणि लंबामुळे झालेले दोन लहान त्रिकोण, असे तिन्ही एकमेकांशी समरूप असतात. मूळ त्रिकोणातल्या ब ची जोडी तिने लहान त्रिकोणातही ब शीच लावली. कारण विचारल्यावर म्हणाली, "तोच वरचा बिंदू आहे ना!"

तिच्या अडचणीचे मूळ या उत्तरात होते. ती बिंदूची जागा आणि अक्षर जुळवत होती, आणि "नीट बघ" असे वारंवार सांगून मोठ्यांनी नकळत तिची तीच सवय पक्की केली होती. संगती ही कोनांवरून ठरवायची गोष्ट आहे, हे तिला कोणी स्वतंत्रपणे सांगितलेच नव्हते.

मग आम्ही तिन्ही त्रिकोण वेगवेगळे काढले, अ चा कोन ३५ अंशांचा मानला आणि प्रत्येक शिरोबिंदूपाशी कोनाचे माप लिहिले. मूळ त्रिकोणात ब पाशी ९० अंश, त्रिकोण अडब मध्ये त्याच ब पाशी ५५ अंश आणि त्रिकोण बडक मध्ये ३५ अंश आले. एकच बिंदू तीन त्रिकोणांत तीन वेगळी कामे करतो, हे पाहून ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली, आणि मीही तिला घाई केली नाही. नंतर अबक, अडब, बडक हा क्रम तिने स्वतःच लिहिला; प्रत्येकात आधी ३५, मग ९० आणि शेवटी ५५ अंशांचा कोन. क्रम बरोबर असला की बाजूंसाठी वेगळे शोधावे लागत नाही: अब ला अड संगत, बक ला डब संगत, अक ला अब संगत.

कागद फिरवून पाहण्याचा सल्ला अनेकजण देतात, तो मला अपुरा वाटतो. याच आकृतीत दोन लहान त्रिकोण नुसते फिरवून एकमेकांच्या स्थितीत आणता येतात, मात्र मूळ त्रिकोण लहान त्रिकोणाच्या स्थितीत आणायचा तर तो उलटवावाच लागतो.

केवळ बाजू दिल्या असतील तर त्या लांबीच्या चढत्या क्रमाने लिहाव्यात आणि गुणोत्तरे तपासावीत. ८, १२, १८ आणि १२, १८, २७ या बाजूंचे त्रिकोण मी मुलांना मुद्दाम देतो. मुले १२ ची जोडी १२ शी लावून मोकळी होतात, पण तिथे पहिल्या त्रिकोणातल्या १२ ला संगत बाजू दुसऱ्यातली १८ आहे, कारण प्रत्येक बाजू दीडपट झाली आहे. सर्वांत मोठ्या बाजूसमोर सर्वांत मोठा कोन असतो, त्यामुळे बाजू जुळल्या की त्यांच्यासमोरचे शिरोबिंदूही जुळतात.

त्या आईंना मी एवढेच सांगितले की गणित सोडण्याचा विचार आत्ता नको; घरी अभ्यास घेताना "कोणता बिंदू?" असे न विचारता "कोणत्या कोनावरून ठरवलेस?" असे विचारा आणि उत्तर चुकले तरी कारण पूर्ण ऐकून घ्या. पुढच्या भेटीत मुलीनेच मला विचारले, की समद्विभुज त्रिकोणात पायाचे दोन्ही कोन सारखे असतात, तर तिथे जोड्या दोन तऱ्हांनी लावल्या तर चालतील का. चालतील, दोन्ही बरोबर आहेत, असे मी म्हटल्यावर तिने लगेच समभुज त्रिकोण काढला आणि त्याच्या सहा तऱ्हा लिहायला घेतल्या.