बारावी करून आणू की आत्ताच? लेकीच्या फिल्म कॉलेजबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यजमानांना लंडनजवळच्या स्लावला (Slough, हो, उच्चार असाच) आयटीत नोकरी मिळतेय, स्किल्ड वर्कर व्हिसावर तुम्ही तिघं येणार, लेक यंदा एसएससी बोर्डाच्या दहावीला आहे, एप्रिलमध्ये १६ पूर्ण होतील, आणि तिला सिनेमाचं शिकायचंय. सासूबाई म्हणतात बारावी पुण्यात होऊ दे, मग ने. आणि इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी फिल्म शिकवणारी कॉलेजं फुकट असतात म्हणे, त्यात मेख काय?

फुकट असतात हे खरं. मेखही आहे, पण ती फीमध्ये नाही, वयात आहे. त्यामुळे या एका बाबतीत सासूबाईंचं ऐकू नका.

आमचं सांगते. मी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला आले, नवरा आणि मुलगा माझ्या व्हिसावर. २०२१ साल. मुलाची दहावी कोविडमुळे परीक्षेविनाच झाली, १६ जुलैला निकाल लागला. भारत तेव्हा इथल्या रेड लिस्टवर, म्हणजे कोविडच्या प्रवासबंदीच्या यादीत, होता. ८ ऑगस्टला बाहेर पडला आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही ठाण्याहून निघालो, कारण सप्टेंबरमध्ये त्याचं कॉलेज सुरू होणार होतं. इंटरव्ह्यू त्याने वसंत विहारच्या घरातून, मार्चमध्ये, लॅपटॉपवर दिला होता. मागे मिक्सर लागला होता. कॉलेजचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

इथली रचना अशी. १६ ते १८ या दोन वर्षांना सिक्स्थ फॉर्म म्हणतात, म्हणजे आपली अकरावी-बारावी. वयाचा हिशेब ३१ ऑगस्टला लागतो, तुमची लेक त्यात चपखल बसते. बहुतेक मुलं तीन ए-लेव्हल, म्हणजे बारावीच्या तोडीचे तीन विषय, घेतात. पण एकाच धंद्याला वाहिलेली काही सरकारी खर्चाची कॉलेजं आहेत, आणि ती तुम्हाला हवीत. उत्तर लंडनमध्ये हायबरीला लंडन स्क्रीन अकॅडमी आहे, २०१९ मध्ये सुरू झाली. ती काढणाऱ्यांत अनेक बॉन्डपटांच्या निर्मात्या बार्बरा ब्रोकोली आणि हॅरी पॉटरचे निर्माते डेव्हिड हेमन आहेत. क्रॉयडनची ब्रिट स्कूल १९९१ पासूनची, तिचं नाव गायकांमुळे ऐकलं असेल, पण तिथे फिल्म आणि मीडियाही शिकवतात. बोरहॅमवुडला एल्स्ट्री स्टुडिओच्या गावातच एक शाळा आहे. याशिवाय साध्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजातही मीडियाचा डिप्लोमा मिळतो. त्याला कमी समजू नका, कुठे कुठे तिथला स्टुडिओ चांगला असतो.

आईवडिलांबरोबर डिपेंडंट म्हणून आलेल्या १८ खालच्या मुलांना हे सगळं इथल्या मुलांसारखंच विनाशुल्क मिळतं. एकट्या मुलीला शिक्षणाच्या व्हिसावर पाठवलं तर या कॉलेजांची दारं बंद, मग खासगी शाळा आणि तिची फी. आणि १८ पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा डिपेंडंट व्हिसा मागायला गेलात तर मिळतच नाही. आधी मिळालेला असला तर १८ नंतर पुढे वाढवता येतो. म्हणजे बारावी करून यायचं ठरवलंत आणि मधे अठरावा वाढदिवस उलटला, की लेक तुमच्या व्हिसावर येऊच शकत नाही. सासूबाईंना हे एवढंच सांगा, बाकीचं सांगू नका.

खर्च विचारलात. व्हिसाबरोबर इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी हेल्थ सरचार्ज भरावा लागतो. मला तो माफ होता, तुम्हाला नसेल. १८ खाली वर्षाला ७७६ पाउंड, मोठ्यांना १,०३५, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितका सगळा आगाऊ. पाच वर्षांच्या व्हिसाला लेकीचे ३,८८०, तुमचे दोघांचे प्रत्येकी ५,१७५. व्हिसाची फी वेगळी. यजमानांच्या कंपनीला आत्ताच विचारा यातलं ती किती देणार, ऑफर लेटर हातात पडल्यावर नाही.

आता शिकवतात काय. इथे मुलं येतात ती डिरेक्टर व्हायला. पहिल्या महिन्यात त्यांना कळतं की सिनेमा म्हणजे बहुतांश कागद. कॉलशीट (कोणी कधी कुठे हजर राहायचं तो कागद), रेकी (जागा आधी पाहून येणं), रिस्क असेसमेंट, कलाकाराच्या सहीचा फॉर्म, जागेच्या मालकाची परवानगी. ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, शूट करायचं तर लंडनच्या ट्रान्सपोर्ट खात्याची, रॉयल पार्कात करायचं तर पार्काची. ट्रायपॉड रस्त्यावर ठेवला तरी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, विचारावं लागू शकतं. दर प्रकल्पाला भूमिका बदलतात. एकदा साउंड, एकदा कॅमेरा, एकदा नुसता क्लॅप द्यायचा. मुंबईच्या सेटवर स्पॉटदादा जे करतात त्यातलं पुष्कळसं इथे रनर करतो, आणि प्रत्येकाने रनर व्हायचंच. आमच्या चिरंजीवांनी घरात कधी कपबशी उचलली नव्हती, तिथे बारा जणांचे चहा कोणाचा साखरेचा, कोणाचा ओट मिल्कचा असे लक्षात ठेवायला लागला. त्या दोन वर्षांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

एका शनिवारी त्यांचं शूट आमच्याच घरी होतं. मी पहाटे उठून पातेलंभर कांदेपोहे केले. त्यांची प्रॉडक्शन मॅनेजर, वय वर्षं १७, हातात क्लिपबोर्ड, मला म्हणाली, यात शेंगदाणे आहेत का? एका मुलाला नट अ‍ॅलर्जी होती आणि ती त्यांच्या रिस्क असेसमेंटमध्ये लिहिलेली होती. पातेलं झाकून शेजारणीकडे गेलं, क्रूने टोस्ट खाल्ला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या पोरीला मी कधीही कामावर ठेवीन.

बरेच ठिकाणी हे शिक्षण बीटेक (BTEC, आपलं इंजिनिअरिंगचं बी.टेक. नव्हे) किंवा यूएएलच्या (लंडनच्या कला विद्यापीठाच्या) एक्स्टेंडेड डिप्लोमाच्या रूपात असतं. तो एकटाच तीन ए-लेव्हलच्या बरोबरीचा असतो, म्हणजे शेजारी फिजिक्स किंवा मॅथ्स ठेवायला जागा नाही. लेक ‘कदाचित इंजिनिअरिंगही’ असं म्हणत असेल तर हा रस्ता घेऊ नका. तिने साध्या कॉलेजात फिल्म स्टडीज हा एक ए-लेव्हल घ्यावा आणि बाकी दोन मॅथ्स आणि फिजिक्स. फिल्म स्टडीजमध्ये ७० टक्के लेखी परीक्षा आणि ३० टक्केच स्वतः केलेलं काम असतं, तो चित्रपट बघायला शिकवतो, बनवायला थोडाच. २०२४ पासून मीडियाचा टी-लेव्हल हा धंदेशिक्षणाचा कोर्सही निघालाय, त्यात कमीत कमी ३१५ तास प्रत्यक्ष कंपनीत काम करावं लागतं. आणि बीटेक वगैरेचा ढाचा सरकार बदलतंय, तेव्हा ती जाईल त्या वर्षी कोणता कोर्स आहे हे कॉलेजलाच विचारा, माझ्यावर विसंबू नका.

आता तक्रार. इंग्रजी आणि गणितात जीसीएसईची (इथल्या दहावीच्या पातळीच्या परीक्षेची) ४ ग्रेड नसेल तर ते विषय इथे पुन्हा करावेच लागतात, सरकारी अनुदानाचीच अट आहे. मुलाला दहावीला इंग्रजीत ८७ होते. पण कॉलेजच्या ऑफिसने ती मार्कलिस्ट फाईलला लावून घेतली आणि त्याला सरळ रीसिटच्या वर्गात बसवलं. नोव्हेंबर उजाडेपर्यंत तीन ईमेल, दोन चकरा, आणि दर आठवड्याला तीन तास वाया. शेवटी एनिकचं (परदेशी शिक्षणाची इथली बरोबरी ठरवणाऱ्या संस्थेचं) समकक्षता पत्र काढून दिलं तेव्हा सुटला. तुम्ही ते भारतातूनच काढून घ्या. आणि तरीही कॉलेजने स्वतःची चाचणी घेतो म्हटलं तर देऊ द्या, भांडू नका.

यानंतरचा भाग कोणी सांगत नाही, म्हणून जरा लांबवते.

१८ नंतर काय? युनिव्हर्सिटीला इथल्या मुलांची फी २०२५-२६ मध्ये ९,५३५ पाउंड होती. ती मिळायला साधारणपणे कोर्सच्या पहिल्या दिवशी कायम वास्तव्याचा दर्जा हवा आणि आधीची तीन वर्षं इथे राहिलेलं हवं. तुमची लेक दोन वर्षांत कॉलेज संपवेल, तेव्हा तुम्हाला तो दर्जा मिळालेला नसेल. आत्तापर्यंत पाच वर्षं लागत, २०२५ मध्ये सरकारने ती मुदत दहापर्यंत नेण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे फिल्मच्या पदवीला परदेशी विद्यार्थ्याची फी, वर्षाला वीस हजार पाउंडांच्या वर सहज, आणि कर्जही नाही. आम्ही हा हिशेब २०२२ च्या दिवाळीत केला. त्याआधी का नाही केला, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पण याच नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची. हा धंदा फ्रीलान्सवर चालतो. इथे रनर, कॅमेरा ट्रेनी, आर्ट डिपार्टमेंटचा पोऱ्या, सगळे आज या प्रॉडक्शनवर तर उद्या त्या. स्टुडंट व्हिसावर फ्रीलान्स काम करायला बंदी आहे. डिपेंडंटला ती नाही. लाखो रुपये भरून इथल्या युनिव्हर्सिटीत फिल्म शिकणाऱ्या परदेशी मुलांना शिकताना जे करता येत नाही, ते तुमच्या लेकीला येईल. पाइनवुड स्टुडिओ स्लावला लागूनच आहे, १९३६ पासूनचा. त्या भागात राहणारी, सकाळी सहाला सेटवर पोचू शकणारी, कामाचा हक्क असलेली अठरा वर्षांची मुलगी, याला किंमत आहे.

फक्त ते काम नेहमी असतंच असं नाही. आमचा मुलगा जून २०२३ मध्ये बाहेर पडला. मे महिन्यात हॉलिवूडचे लेखक संपावर गेले होते, जुलैत नटही गेले, आणि इथले मोठे स्टुडिओ अमेरिकन पैशावर चालत असल्याने इथेही कामं थांबली. त्याला शिकवणाऱ्यांतले काहीजण, नावाजलेली माणसं, घरी बसून होती. याने वर्षभर सुपरमार्केटमध्ये शेल्फं भरली, आणि मिळेल तेव्हा जाहिरातींवर रनर. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तीन वर्षांचं वास्तव्य पूर्ण झाल्यावर त्याला अप्रेंटिसशिप घेता आली, कारण तिच्या सरकारी पैशाला ती अट असते. पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये लागला. पगार मिळतो, फी नाही. डिरेक्टर होण्याबद्दल हल्ली बोलत नाही, साउंडबद्दल तासन्‌तास बोलतो.

पुण्यातच ठेवलं तर? एफटीआयआय दारात आहे, पण तिथल्या मुख्य कोर्सेसना आधी पदवी लागते. म्हणजे अजून पाच वर्षं. तेही वाईट नाही, तिथलं शिक्षण वेगळं आणि खोल आहे. पण तो वेगळा निर्णय झाला, ‘बारावी करून मग ने’ हा तो नाही.

अर्जाचं थोडक्यात. सिक्स्थ फॉर्मला कौन्सिल जागा देत नाही, प्रत्येक कॉलेजला थेट अर्ज. ओपन डे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अर्ज त्यानंतर, इंटरव्ह्यू किंवा वर्कशॉप वसंतात. चार ठिकाणी करा. व्हिसा अजून आला नाही हे स्पष्ट लिहा, लपवू नका. स्लाव लंडनमध्ये मोडत नाही, त्यामुळे लंडनच्या मुलांसारखी फुकट बस मिळणार नाही. १६-१७ सेव्हर कार्ड काढा, रेल्वेची बहुतेक तिकिटं निम्म्यात येतात. तरीही स्लावहून हायबरी रोज म्हणजे जाऊन-येऊन अडीच-तीन तास, हिवाळ्यात दोन्ही वेळा अंधारात. घर घेण्याआधी कॉलेज ठरू द्या.

इंटरव्ह्यूला महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाइलवर केलेली तीन मिनिटांची फिल्म चालते, पण ‘हा शॉट इथेच का कापलास?’ याचं उत्तर तिला स्वतःला देता आलं पाहिजे. मैत्रिणींबरोबर केलेली असेल तर आपण नेमकं काय केलं तेवढंच सांगावं. सगळं मीच केलं म्हणणारी मुलं तिथे लगेच ओळखू येतात.

आणि मूळ मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, हे चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. हातातल्या पर्समध्ये ठेवा. आमची बॅग चार दिवसांनी आली होती.