ऑपरेशनआधीची शांत करणारी गोळी

“ती गोळी मला नको. प्रेशर एकदम उतरलं आणि मी उठलेच नाही तर?” पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी साठीच्या एक ताई मला म्हणाल्या. रक्तदाबाचं औषध त्यांना अनेक वर्षं चालू होतं. हा प्रश्न मला कितीतरी जण विचारतात, आणि तो भाबडा मुळीच नाही.

मी त्यांना स्वतःची नाडी मोजायला सांगितली. मिनिटाला 100 च्या वर होती, आणि अजून तर काहीच घडलं नव्हतं. भीतीने अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं. हृदय धावतं, रक्तवाहिन्या आवळतात, यकृत रक्तात साखर सोडतं, शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो. मिडॅझोलॅमसारखं शांत करणारं औषध मेंदूतल्या ‘गाबा’ या शांतवणाऱ्या रसायनाचं काम वाढवतं. भीती ओसरली की शरीराचा हा जादा खर्चही कमी होतो.

रक्तदाब थोडा उतरतो, हे खरं. बहुतेकांना ते सोसतं. पण वय झालेल्या, अंगातलं पाणी किंवा रक्त कमी झालेल्या माणसाचा रक्तदाब कधीकधी त्या अ‍ॅड्रेनॅलिनवरच तगून असतो. तो आधार निघाला की घसरण मोठी होते, म्हणून अशांना डोस कमी देतात किंवा देतच नाहीत. मला स्वतःला मात्र रक्तदाबापेक्षा श्वासाची काळजी जास्त वाटते. मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक सोबत असेल, तर श्वास मंदावू शकतो.

श्वासाचं नाव निघताच ताई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “मी खूप घोरते. मध्येच श्वास अडकतो, असं घरचे म्हणतात. आणि रोज रात्री झोपेची अर्धी गोळी घेते. हे कुणाला सांगितलं नाही, मुलगा रागावेल.”

मी लगेच भूलतज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं, फाइलमध्ये लिहिलं आणि ऑपरेशनआधीची गोळी रद्द केली. ताईंना वाटलं, आता आपल्याला भीतीतच नेणार. तेव्हा मी सांगितलं, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात, ऑपरेशनआधी लोराझेपाम ही अशीच शांत करणारी गोळी दिलेले रुग्ण न दिलेल्यांपेक्षा जास्त समाधानी नव्हते. उलट भूल देताना श्वासासाठी घातलेली त्यांची श्वासनळीतली नळी काढायला जास्त वेळ लागला.

सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मी त्यांचा हात धरून गेले. आत जाताना त्यांनी सिस्टरना विचारलं, “माझ्या घोरण्याचं लिहिलंय ना?”