जमिनीवरच्या दुर्बिणीतून आंतरतारकीय ढगातला हायड्रोजन फ्लोराइड अवरक्त वर्णपटात सापडतो का?

सापडतो, पण सगळी मदार एकाच रेषेवर असते. थंड, विरळ ढगात जवळपास सगळे रेणू सर्वांत खालच्या घूर्णन पातळीवर (रेणूच्या फिरण्याच्या ऊर्जेच्या पायरीवर) असतात, म्हणून त्या पातळीपासून सुरू होणारी २.४९९४ मायक्रॉनची शोषणरेषा, म्हणजे आर(०), तेवढी हाती लागते. चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरच्या क्रायर्स नावाच्या वर्णपटमापकाने ती एचडी १५४३६८ या ताऱ्याच्या दिशेने टिपली. निष्कर्ष २०१३ मध्ये आले.

ढगामागचा, ज्याच्या प्रकाशात ही रेषा उमटते तो तारा उष्ण, म्हणजे ओ किंवा बी वर्गातलाच घ्या. थंड राक्षसी ताऱ्यांच्या स्वतःच्या वातावरणात हा रेणू असतो, मग रेषा नेमकी कोणाची हा घोळ होतो. वर्णपटमापकाची विभेदनक्षमता (जवळच्या तरंगलांब्या वेगळ्या दाखवण्याची क्षमता) १,००,००० च्या आसपास हवी. वेब अवकाश दुर्बिणीच्या निअरस्पेक या वर्णपटमापकाची २,७००, म्हणजे वेगाच्या भाषेत सेकंदाला सुमारे ११० किमीपेक्षा बारीक फरक त्याला दिसत नाही. सेकंदाला काही किमी रुंदीची रेषा त्यात पार विरून जाते.

खरी डोकेदुखी आपल्याच हवेतली वाफ, तिच्याही शोषणरेषा इथेच पडतात. २.५ मायक्रॉन म्हणजे के-खिडकीचा, म्हणजे हवा ज्यातून अवरक्त प्रकाश येऊ देते अशा एका पट्ट्याचा, अगदी काठ. वाफेच्या रेषा ओळखून काढून टाकण्यासाठी तुलनेचा तारा लगोलग आणि क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर पाहा. शंका उरली तर काही महिन्यांनी पुन्हा निरीक्षण करा: पृथ्वीच्या कक्षीय गतीमुळे ढगाची रेषा सरकते, वाफेच्या रेषा जागच्या हलत नाहीत.